सर्जेरावांचं पहिलं गाणं

शनिवार पेठेत माझं सहा बाय नऊचं दुकान होतं. मूळ वडिलांचं, रेडिओदुरुस्तीचं. ते गेल्यावर मी तिथं कॅसेटी भरून द्यायला लागले. आता 'भरून देणं' म्हणजे काय तेही सांगावं लागतं, म्हणून सांगते. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाण्यांची यादी आणायचं आणि मी ती गाणी एका कॅसेटवर ओळीनं उतरवून द्यायची. हे कायद्यात बसत होतं का, असं विचारू नका. अख्खं पुणं भरून घेत होतं, त्यात पोलीसही होते.

कामाला मी चोख होते. हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला येणार नाही. तीस मिनिटांची बाजू म्हणजे तीस मिनिटं भरलीच पाहिजे. शेवटी दोन मिनिटं उरली तर मला अन्न गोड लागत नसे. एखादं लहानसं गाणं, नाहीतर सनईचा तुकडा टाकून मी ती जागा बुजवायचीच. लोक गाणी ऐकायचे, मी गाण्याची लांबी ऐकायची. वीस वर्षं हेच केलं. एखादं गाणं आवडलं म्हणून पुन्हा लावलं असं कधी झालं नाही, वेळ कुणाला होता?

अठ्ठ्याण्णव साली जुन्या बाजारात एका रविवारी मला तीन खोकी कॅसेटी मिळाल्या. दोनशे चाळीस नग, सगळ्या एकसारख्या, कुणा अनोळखी माणसाची गाणी. भंगारवाल्यानं त्या भंगाराच्याच भावात दिल्या. टेप मात्र उत्तम प्रतीची होती. घरी आणून मी ओल्या फडक्यानं लेबलं भिजवली, नखानं खरवडून काढली आणि कॅसेटच्या मागची दोन भोकं चिकटपट्टीनं बंद केली. ती भोकं बुजवली की तयार कॅसेटवरही नवं भरता येतं आणि जुनं आपोआप पुसलं जातं. दोनशे चाळीस वेळा मी ते नाव खरवडलं आणि एकदाही वाचलं नाही.

दोन हजार एक साली अपेक्षा नावाची मुलगी दुकानात आली. मूळची अमरावतीची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, नारायण पेठेत चौघींत एक खोली. कंपनीची बस सकाळी सातला उचलायची आणि रात्री नऊला टाकायची. तेवढ्या प्रवासासाठी तिला गाणी हवी होती. यादी आणली तीही अपुरी. मी म्हटलं, अजून एक गाणं सांगा, साडेतीन मिनिटं उरतात. तर म्हणे, एवढीच आवडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बसची वेळ झाली म्हणून उभ्या उभ्या कॅसेट घेऊन गेली, त्यामुळे तेवढा शेवट बुजवायचा राहिला.

आठ दिवसांनी ती परत आली. शेवटी एक भलतंच गाणं लागतं, ते कुणाचं म्हणून विचारायला लागली. मला वाटलं, आली तक्रार. मी म्हटलं, आधीचं काहीतरी राहिलं असेल, आणा इकडे, दोन मिनिटांत पुसून देते. तिनं कॅसेट पाठीमागे लपवली.

"काकू, बाकीची सगळी पुसली तरी चालतील. ते नका पुसू."

आता इतकं म्हटल्यावर ऐकणं भाग होतं. हेडफोन कानाला लावला. गाणं ओळीच्या मध्यातूनच सुरू झालं. पुरुषाचा आवाज, न शिकलेला, किंचित फाटलेला, पहाटे लिलावात ओरडून बसलेल्या माणसासारखा. साथीला एक तुणतुणं आणि एक गिटार. ही जोडी मी जन्मात ऐकली नव्हती. गाणं कुणा मोठ्या कवीचं नव्हतं हे कळत होतं. त्याचं त्यानंच केलेलं होतं.

मोजून नेली काळी माझी, साखळी लावून सारी,
बांधावरली सावली तेवढी राहिली माझ्या दारी.

साडेतीन मिनिटं झाली आणि टेप संपली. मी मागं घेऊन पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. अपेक्षा समोर उभी होती आणि मला रडू आलं. मला म्हणजे मला, जिला बघून शेजारचा वाणीसुद्धा सुटे पैसे न मागता काढून द्यायचा. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. लग्न केलं नव्हतं, कुणाची वाट बघण्याची सवय नव्हती. पण त्या दिवसापासून त्या आवाजाची मला ओढ लागली. त्या ओळीचं आधीचं अर्धं काय होतं, त्याच्याआधी काय होतं, कोण हा माणूस, हेच डोक्यात. भाकरी करपायला लागल्या.

ती कॅसेट कुठल्या खोक्यातली, हे मला बघताक्षणी कळलं होतं. जुन्या बाजारातल्या त्या दोनशे चाळिसांतली. शेवटून तिसरी. राहिलेल्या दोन मी त्याच आठवड्यात एका भजनी मंडळाला भरून दिल्या होत्या, काठोकाठ. म्हणजे ज्या गाण्यांसाठी माझा जीव तुटत होता ती मीच, एकेक करून, तीन वर्षं पुसत आले होते. अगदी मन लावून. दुसऱ्या कुणी पुसली असती तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ठरवलं, एक अख्खी कॅसेट शोधायचीच. पण कुठं? मी भरलेल्यांत काही उरलेलं असणं शक्य नव्हतं, माझी मला खात्री होती. मग आठवलं, नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली होती. तीन आठवडे दुकानात माझा धाकटा भाऊ दत्तप्रसाद बसला होता. हा माणूस चहा गाळतानासुद्धा अर्ध्यात कंटाळतो. त्यानं भरलेली एकही बाजू पूर्ण असणार नव्हती. आयुष्यभर मी त्याच्या आळसाला नावं ठेवली, आणि आता देवाजवळ एवढंच मागत होते की त्यानं तेव्हा होईल तितका आळस केलेला असू दे.

दत्तप्रसादला काम आठवत नव्हतं, माणसं मात्र सगळी आठवत होती, कारण काम सोडून तो गप्पाच मारत बसला होता. त्यानं सांगितलेल्यांच्या दारोदार मी फिरले. कुणी कॅसेट हरवली होती, कुणी वर दुसरं भरून घेतलं होतं. "पुसलेलं ऐकायला कोण येतं हो?" असं एका सदाशिव पेठेतल्या गृहस्थांनी मला दारातच विचारलं. मी म्हटलं, मी येते. त्यांनी चहा दिला नाही, पण कॅसेट दिली. तिच्यात उरलेलं होतं दीड मिनिट, तेही माझ्याजवळ आधी असलेलंच. शेवटाचे शेवट तेवढे सगळ्यांकडे सापडत होते.

येरवड्याच्या तुरुंगात शिपाई असलेले संभाजीराव हे त्यातलेच एक गिऱ्हाईक. त्यांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला दत्तप्रसादनं दोन लावण्या कमी भरल्या होत्या. त्या कधीतरी मिळतील म्हणून बिचारे दोन वर्षं थांबले होते. मला बघून त्यांना वाटलं, लावण्या घेऊनच आले. त्या उरलेल्या अकरा मिनिटांत दोन गाणी निघाली, एक अर्धं आणि एक पुरतं. पुरतं होतं ते कॅसेटचं अगदी शेवटचं. आपल्याकडे रचणारा माणूस शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, तसं त्यानंही गुंफलं होतं.

खराडीचा सर्जा म्हणे, नाही शिकलो गाणं,
जुडीसंगं बांधून आणलं, तुम्ही सोडून घेणं.

लेबलावरचं नाव मी नखानं काढलं होतं. आवाजातलं निघालं नव्हतं. संभाजीरावांच्या ओसरीवर मी ते नाव चारदा मोठ्यानं म्हटलं. त्यांची बायको आतून बघून गेली.

पुढच्याच रविवारी महापालिकेवरून बस धरून मी खराडीला गेले. तेव्हा खराडी पालिकेत येऊन चार-पाच वर्षं झाली होती. एका अंगाला काचेच्या इमारती उठत होत्या, दुसऱ्या अंगाला अजून कडब्याच्या गंजी होत्या. चहाच्या टपरीवर विचारलं, गाणी करणारे सर्जेराव कुठं राहतात? टपरीवाला हसला. म्हणाला, कॅसेटवाला सर्जा? तो तर गेला की मागच्या पाडव्याला. बायको हाय, त्या पिवळ्या बिल्डिंगीत, चौथा मजला.

तिथंच बाकड्यावर बसले मी. एका वर्षाच्या आत. मागच्या पाडव्यापर्यंत तो माणूस जिवंत होता आणि त्याच्या गाण्यांवर मी भजनं भरत होते. चहा सांगितला आणि न पिताच उठले.

सर्जेरावांच्या पत्नीचं नाव तुळजाबाई. साठीच्या आसपास, हिरवं लुगडं, कपाळ रिकामं. फ्लॅट मोठा, फरशी चकचकीत, आणि बाई त्या फरशीवर एका कोपऱ्यात पोतं टाकून बसलेल्या. मी कॅसेटचं नाव काढलं तेव्हा त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग गूळ दिला, मग दार लावून घेतलं. सुनेला आवडत नव्हतं म्हणे, सर्जेरावांचं बोलणं निघालेलं.

मग त्या दोन तास बोलल्या. सर्जेराव सातवी शिकलेले. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन रोज पहाटे टेम्पोत मागं बसून मार्केट यार्डाला जायचे. जाता-येता पोत्यांवर बसून गाणी जुळवायची, आणि घरी आलं की आधी बायकोला ऐकवायची, मग तोंड धुवायचं. शहाण्णवला जमीन गेली. गेली म्हणजे विकली, सगळ्या भावकीनं विकली, एकट्यानं धरून चालण्यासारखी नव्हती. भावकीतल्या कुणी बुलेट घेतली, कुणी गळ्यात साखळ्या घातल्या. सर्जेरावांनी कॅसेट काढली. गाव हसलं. मुलगा विक्रम वर्षभर बापाशी बोलला नाही. आता त्याचे चार डंपर आहेत.

येरवड्यात एका खोलीत रेकॉर्डिंग होतं. गिटारवाला तिथलाच, एका लग्नाच्या बँडमधला. पण पहिल्या गाण्याच्या ठेक्यावरून भांडण झालं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, ढोलकी लावू. सर्जेराव म्हणाले, ढोलकी नको, माझ्या घरचा ठेका हाय. आणि दुसऱ्या दिवशी ते तुळजाबाईंना काठवट आणि मळलेल्या पिठासकट स्टुडिओत घेऊन गेले. गाणं बायकोवरच होतं. त्यांनी माईकपुढं बसून भाकरी थापली आणि नवरा शेजारी उभा राहून गायला. तीनदा गावं लागलं, तोवर पीठ कोरडं पडलं. मग संध्याकाळी घरी आल्यावर त्याच पिठाच्या भाकरी करून दोघांनी खाल्ल्या, पिठल्याबरोबर. हे सांगताना तुळजाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

शब्द त्यांनी मला म्हणून दाखवले. गायल्या नाहीत, नुसते म्हटले.

थापते भाकर तुळजा माझी, हाताचा येतो ठेका,
त्या ठेक्यावर चालतं घर, बाकी सारा फुका.

कॅसेटी तयार झाल्या आणि सर्जेराव पिशवी घेऊन पुण्यातली दुकानं हिंडले. सगळीकडे एकच प्रश्न. देवाची आहेत का? लग्नाची आहेत का? मग लोकांनी ही लावायची कधी? शनिवार पेठेतल्या एका दुकानात तर बाईनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही म्हणे, "चालणार नाही" म्हणाली, आणि परत मशीनकडे तोंड केलं.

शनिवार पेठेत कॅसेटच्या दुकानात बसणारी बाई एकच होती. मला तो प्रसंग आठवत नाही. पण आठवत नाही याचा अर्थच हा की मी तसं म्हटलं असणार, कारण तसं मी दिवसातून दहा जणांना म्हणायचे. चोराच्या मनात चांदणं. मी गुळाचा खडा चघळत राहिले.

पिवळ्या इमारतीत राहायला येताना खोक्यांना जागा नव्हती. सर्जेरावांनी ती स्वतःच्या हातानं भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवली. घरातली म्हणून एक ठेवली होती, ती टेपरेकॉर्डरनं खाल्ली. स्टुडिओ तर केव्हाच बंद पडला होता. माणूस गेला आणि त्याचा आवाज म्हणावा तर घरात कुठंही नाही. मी पिशवीतून संभाजीरावांची कॅसेट काढली, म्हटलं, ही दोन गाणी मिळालीत, ऐकता का? त्यांनी हात केला, थांबवलं.

"बाई, बाकीची राहू द्या सध्या. मला पयलं आणून द्या. त्यांचा आवाज न् माझा हात एकत्र, ते तेवढंच हाय."

मी आणते म्हणाले. मूर्खासारखं म्हणाले. बस येरवड्याला पोचली तेव्हा डोक्यात उजेड पडला. कॅसेट भरताना आपण काय करतो? अगदी सुरुवातीला नेऊन लावतो. आळशी असो की चोख, कुणीही मधूनच भरायला घेत नाही. शेवट कमी-जास्त उरतील, पण पहिलं गाणं तर दोनशे चाळिसांतल्या प्रत्येक कॅसेटवर सगळ्यात आधी पुसलं गेलेलं असणार. जे मागितलं तेच नेमकं कुठंही नव्हतं. आणि माणूस गेलेल्या बाईला मी शब्द देऊन बसले होते.

तरी शोधत राहिले. म्हटलं, दत्तप्रसादनं काहीतरी घोळ घातला असेल, उलटी लावली असेल, एखादी विसरला असेल. दत्तप्रसादच्या चुकांवर भरवसा ठेवून जगणारी मी पहिलीच. सात महिने गेले. दुकानात तसंही गिऱ्हाईक कमी झालं होतं. लोक सीडी मागायचे, पोरं एका तबकडीवर शंभर-शंभर गाणी घेऊन फिरायची. दुपारभर मी ती साडेतीन आणि अकरा मिनिटं ऐकत बसायची. अपेक्षा कधी शनिवारी यायची, स्टुलावर बसून तीही ऐकायची. तिला गाव सोडून तीन वर्षं झाली होती, आईशी बोलायला दर रविवारी एसटीडीच्या रांगेत उभी राहायची.

मालनबाई मला सगळ्यात शेवटी सापडल्या. येरवड्यात त्यांची बालवाडी होती. त्यांनी नव्व्याण्णवला दत्तप्रसादकडून पोरांची प्रार्थना आणि कवायतीसाठी लेझमीचा ठेका, एवढंच भरून घेतलं होतं. सगळं मिळून सहा मिनिटं. पुढं काही भरू का, असं त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. मी घाबरत घाबरत विचारलं, त्यानंतर कॅसेटवर काय लागतं? मालनबाई म्हणाल्या, गाणी लागतात की, तुम्हीच तर दिलीत. कवायत झाली की पोरं खाऊला बसतात, कॅसेट आपली चालूच राहते. पोरांना पाठ आहेत सगळी.

आणि त्यांनी एका मुलीला म्हणायला लावलं. चार वर्षांची, नाकाला शेंबूड, हातात राजगिऱ्याचा लाडू. तिनं मला साखळीनं मोजलेल्या शेताचं गाणं पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवलं. ज्या अर्ध्या ओळीवाचून मी वर्षभर तळमळत होते ती त्या पोरीनं लाडू चावत म्हटली. मी तिचा पापा घेतला, ती रडायला लागली.

मालनबाईंना मी त्यांची प्रार्थना दुसऱ्या कॅसेटवर भरून दिली आणि पुढं सर्जेरावांची गाणीही दिली, नाहीतर पोरांनी खाऊ खाल्ला नसता. त्यांची जुनी कॅसेट माझ्याकडे आली. पहिली बाजू दुसऱ्या गाण्यापासून, दुसरी बाजू अख्खी. दहा गाण्यांतली नऊ. अपेक्षानं ती कॉम्प्युटरवर घेऊन सीडी करून दिली. आणि पहिल्या गाण्यावर लेझीम.

खराडीला जायचं मी दोन रविवार टाळलं. तिसऱ्या रविवारी टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून निघाले. आठ किलोचं ते धूड मांडीवर घेऊन बसमध्ये बसले होते. काय बोलायचं ते ठरवत होते. ठरलं काहीच नाही.

तुळजाबाई पोत्यावरच बसल्या होत्या. मी टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवला आणि प्लग लावायच्या आधी बोलून टाकलं. तुमची खोकी भंगारवाल्याकडून मी घेतली. गाणी मी पुसली. सर्जेरावांना दुकानातून घालवणारी बाईसुद्धा मीच असणार. नऊ गाणी परत मिळालीत. पहिलं मिळालं नाही आणि मिळणार नाही.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

"कशापायी पुसली ओ?"

"मला रिकाम्या कॅसेटी हव्या होत्या."

"रिकाम्या नव्हत्या त्या."

मी नाही म्हटलं. म्हणजे, रिकाम्या नव्हत्या, हे कबूल केलं. खाली रस्त्यावर कुणाचा तरी डंपर मागं येत होता, त्याची शिट्टी वाजत होती. तुळजाबाईंनी कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, काचेतून आतली तपकिरी टेप बघितली.

"पयल्याच्या जागी आता काय हाय?"

मी सांगितलं, पोरांची प्रार्थना आणि लेझीम.

"म्हंजी ते त्याच्या खाली हाय."

असं नसतं, हे मी वीस वर्षांच्या अनुभवानं सांगू शकत होते. टेपवर थर नसतात. मशीन आधी पुसतं आणि मग लिहितं, खाली काही राहत नाही. गिऱ्हाइकाला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं, त्याबद्दल पेठेत माझं नाव होतं, चांगलं आणि वाईटही. पण तुळजाबाईंनी खिडकीकडे बोट केलं. समोर काचेची इमारत होती, सगळ्या मजल्यांवर दिवे.

"आमची हीर त्याच्या खाली हाय. बुजवली तरी हाय ती. पाणी कुठं जातंय?"

"आहे," मी म्हटलं. "खालीच आहे."

"मग लावा."

मी कॅसेट अगदी सुरुवातीला नेली आणि चालू केली. तुळजाबाई पुढं सरकल्या, वाकून कान स्पीकरच्या जाळीला टेकवला आणि डोळे मिटले. येरवड्याच्या बालवाडीची प्रार्थना लागली. मग शिट्टी, मग लेझीम. आणि त्यांचा उजवा हात डाव्या तळव्यावर पडायला लागला, हळू, थापायला घेतल्यासारखा. लेझमीचा ताल वेगळा होता, ह्यांचा वेगळा. दोन्हींचा मेळ कुठंच बसत नव्हता, तरी त्यांचा हात जराही चुकला नाही. मध्ये एकदा थांबला, बहुतेक तिथं सर्जेराव आलापात जात असतील, आणि पुन्हा सुरू झाला. ओठ हलत होते. मी लांबी ऐकणारी बाई, नकळत घड्याळाकडे बघत राहिले.

पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी त्यांनी हात उचलला. लेझीम अजून वाजतच होती. दहा-बारा सेकंदांनी ती मध्येच तुटली आणि सर्जेरावांचं दुसरं गाणं पहिल्याच ओळीच्या अर्ध्यातून लागलं. म्हणजे पहिलं जिथं संपायला हवं होतं, बरोबर तिथंच त्यांचा हात उचलला होता. नवऱ्याचा खराखुरा आवाज आता खोलीत भरला होता, तो गेल्यावर पहिल्यांदाच. तुळजाबाईंनी डोळे उघडले नाहीत. हातानंच खूण करून बंद करायला सांगितलं.

मी बटण दाबलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि हातांकडे बघितलं.

"पुन्यांदा लावा," त्या म्हणाल्या. "पयलंच."

मी कॅसेट मागं घेतली.